उंबरे झाकेपर्यंत

९ जानेवारी, गुरुवार

काल अंधारात पोचलो, त्यामुळे घर नीट दिसलं नव्हतं. आज सकाळी पाहिलं आणि जीव हरखला. समुद्र पार दाराशी! मागे हिरवा डोंगर, त्यावर मेंढ्या, आणि समुद्राला तोंड करून एका ओळीत उभी दगडी घरं. त्यातलं मधलं आमचं. हिने मागच्या दाराने वळसा घालून जाऊन आधी समुद्राला नमस्कार केला, मगच चहा घेतला.

सूनबाई मंजिरीने ही वही दिली. म्हणाली, बाबा, तुम्हाला काळजी करायला काहीतरी लागतंच, ती इथे लिहा, म्हणजे आईंना झोप लागेल. टोमणा कळला. पण वही चांगली आहे, कागद जाड आहे. मी सातवी नापास माणूस, माझ्या हातात एवढा चांगला कागद कधी आला नाही.

उदयने ब्रिस्टलच्या घराला काम काढलंय. मागची भिंत पाडून किचन वाढवायचंय. त्या धुळीत हिचा, म्हणजे लीलाचा, दमा उसळला, म्हणून काम संपेपर्यंत आम्हा दोघांना या डेव्हनच्या किनाऱ्यावर आणून ठेवलं. ही सगळी हॉलिडेवाल्यांची घरं, हिवाळ्यात रिकामी. कायमची राहणारी एकच बाई, टोकाच्या घरातली डोरीन. उदय-मंजिरी आठवडाभर ऑफिस करून शनिवार-रविवार येणार. उदय गाडी फार जोरात चालवतो. आज परत गेला, तेव्हाही पोचल्याचा फोन उशिरा केला.

एक गोष्ट मात्र विचित्र. समुद्राकडच्या सगळ्या खिडक्यांना आणि हॉलच्या मधल्या दाराला बाहेरून जाड लाकडी झडपा लावल्यात. वादळात लाटा गोटे उचलून काचांवर फेकतात म्हणे. झडपांचे बोल्ट भिंतीतून आत आलेत, नट आतून पिळायचे. हॉलमध्ये भर दुपारी दिवा लागतो. ही म्हणाली, अहो, समुद्रावर आणलंत आणि समुद्रच झाकून ठेवलात होय?

पण गंमत सांगतो. मधल्या दाराच्या झडपेत लाकडाची गाठ निखळून जुन्या रुपयाएवढं भोक पडलंय. सकाळी दिवा बंद केला आणि समोरच्या भिंतीवर सिनेमा सुरू! समुद्र वर, आकाश खाली, पक्षी उताणे उडतायत. भोकातून येणारा उजेड उलटा पडतो, त्यात जादू नाही बाबा, असं उदय म्हणाला. असेल. मी साताऱ्याला थेटरात डोअरकीपर होतो, सारा जन्म अंधारात बॅटरी दाखवण्यात गेला. इतक्या वर्षांनी पुन्हा पडदा लागला. हिला बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत नेलं, म्हटलं, बाल्कनी आहे, पुढे पाय ठेवू नका. ही इतकी हसली की खोकला आला.

१२ जानेवारी, रविवार

डोरीनबाई येऊन गेल्या. वय माझ्याहून जास्त, पण काठीसारखी ताठ. घरी भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, आणले होते. उदय मध्ये बसून मराठीत सांगत होता.

उदयने विचारलं, झडपा काढायच्या कधी? बाईंनी तारीख सांगितली नाही. आम्हाला बाहेर, समुद्र अडवायला घरांपुढे बांधलेल्या दगडी भिंतीवर नेलं. ओहोटी होती. इथे वाळू नाही, नुसते गोटे. हिवाळ्यात समुद्र ते गोटे ओढून नेतो आणि वसंतात आणून टाकतो. गोटे गेले की खाली एक जुनी ओळ दिसते. घरांची. भिंती नाहीत, फक्त जोती, चुलीचे काळे दगड आणि दारांचे उंबरे. मोठे, झिजलेले, मधोमध खोलगट. कितीतरी वर्षांपूर्वी एका वादळात ती ओळ समुद्राने घेतली. बाई म्हणाल्या, गोटे परत येऊन ते सगळे उंबरे झाकले गेले, की आपण झडपा काढायच्या. जोवर त्यांचे उंबरे उघडे, तोवर आपली दारं बंद. उदय हसला, म्हणाला, गोटे परत आले म्हणजे लाटांचा जोर संपला, सिंपल आहे.

मी झोपण्याआधी सगळे नट पुन्हा पिळून पाहिले. गॅसपण. लाट मागे जाते तेव्हा गोट्यांतून पाणी ओढलं जातं आणि एक घरघर होते, शेवटी बारीक शिट्टी. हुबेहूब हिच्या छातीसारखी. आधी वाटलं, हिलाच अटॅक आला. उठून पाहिलं तर ही शांत झोपलेली. समुद्रालाच दमा आहे, असं मनाशी म्हणालो आणि झोपलो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. साताऱ्याला हिच्या हळदीकुंकवाला पुरी गल्ली लोटायची. इथे बोलवायचं कोणाला? डोरीनबाईंना तिळगूळ दिला, त्यांनी तो फ्रीजवर ठेवला, आपला थँक्यू म्हणाल्या आणि हळदीकुंकू नको म्हणून हात मागे घेतले.

दुपारी ओहोटीला ही ताट घेऊन खाली निघाली. मला वाटलं समुद्राची पूजा. तर ही त्या उंबऱ्यांपाशी. एकेका उंबऱ्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, तिळगूळ ठेवला. मी वरून ओरडलो, गोट्यांवरून पाय सरकेल. वर आल्यावर म्हणाली, अहो, उंबरा असा ओकाबोका बरा दिसत नाही. कधीतरी तिथे बायका नांदल्याच असतील ना? मी सगळ्यांना सांगून आले, संध्याकाळी या म्हणून.

मी म्हटलं, मराठीत? तर म्हणते, हळदीकुंकवाला भाषा लागत नाही. शिवाय माझा उखाणासुद्धा घेऊन दाखवला त्यांना. लग्नातला तिचा उखाणा आहे, सगळ्या पाहुण्यांत गाजलेला:

पडद्यावर पडतो उजेड, खुर्च्यांवर अंधार,
सर्जेरावांच्या हाती सगळ्या थेटराचं दार.

एरवी ही माझं नाव घेत नाही. अहो म्हणते. या देशात मला अहो म्हणणारं दुसरं कोणी नाही.

तिन्हीसांजेला दिवा लावला आणि हिने हट्ट धरला, मधलं दार थोडं तरी उघडा. लक्ष्मी यायच्या वेळी दार लावून बसायचं का? माझंही मन खाऊ लागलं होतं. लहानपणापासून तेच शिकलोय. नट सैल करून झडप बोटभर किलकिली केली. दिवा विझेपर्यंत ठेवली आणि पुन्हा पिळली. गार वारा आला, दुसरं काही नाही. हिचा चेहरा मात्र खुलला.

१७ जानेवारी, शुक्रवार

झडप रोज तिन्हीसांजेला किलकिली करतो. काल मी किचनमध्ये चहा टाकत होतो. परत आलो तर ही आनंदात. म्हणाली, एक बाई आली होती. तिने फटीतून कपाळ पुढे केलं, मी कुंकू लावलं. बोलली काही नाही, लाजरी आहे बिचारी, आणि भिजलेली. मी विचारलं, डोरीन का? नाही म्हणाली, तरणी आहे, डोक्याला रुमाल बांधते.

एखादी फिरायला आलेली बाई असेल. दाराशी पाणी सांडलं होतं, ते पुसलं. झडप गळते की काय म्हणून बघितलं. गळत नाही.

ही किचनमधली खुर्ची उचलून हॉलमध्ये घेऊन आली. पाहुण्याला बसायला नको का?

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज रथसप्तमी. हळदीकुंकवाचे दिवस संपले. हिने आजही एक खुर्ची मांडून ठेवली होती. मी म्हटलं, आता बास.

लिहावं की नाही कळत नाही. मंजिरी वाचेल आणि हसेल. पण लिहितो. थेटरात माझी एक खासियत होती. सिनेमा सुरू असताना बॅटरी न लावता मला कळायचं कुठली खुर्ची भरलेली आणि कुठली रिकामी. भरलेल्या खुर्चीभोवतीचा अंधार वेगळा असतो. मॅनेजर पैज लावायचे, मी कधी हरलो नाही.

आज सकाळी भिंतीवरचा सिनेमा बघायला दिवा बंद केला. ही किचनमध्ये, मी माझ्या खुर्चीवर. हिची खुर्ची रिकामी. आणि ती तिसरी भरलेली होती.

मी दिवा लावला. खुर्चीत कोणी नाही. बसायची गादी ओली. बोट लावून चाटलं. खारट.

हिला काही सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

डोरीनबाई ओहोटीला कुत्रा फिरवायला गेल्या होत्या, त्या तशाच आमच्याकडे आल्या. तोंड पांढरं. एका उंबऱ्यावर पिवळं दिसतंय, कोणी काय लावलं? बाकीच्यांवरची हळद केव्हाच धुतली गेली होती. एवढ्या भरत्या येऊन गेल्या, पण त्या एकावरची जात नव्हती. मी हिच्याकडे बोट केलं. उदय नुकताच परत निघून गेला होता, म्हणून त्यांनी मला समजेल अशा तुटक इंग्रजीत, पुन्हा पुन्हा तेच शब्द वापरून सांगितलं.

त्यांच्या आजीच्या लहानपणची गोष्ट. खालच्या ओळीतले पुरुष होड्या घेऊन लांब गेलेले, घरात बायका. वादळ आलं. वरच्या ओळीने, म्हणजे या आपल्या घरांनी, झडपा लावून घेतल्या. खालच्या बायका पाण्यातून वर आल्या आणि या दारांवर हात आपटू लागल्या. कोणी उघडलं नाही. उघडलं असतं तर समुद्र घरात शिरला असता. आजीच्या आईने आजीचे कान दाबून धरले होते. सकाळी बाहेर कोणी नव्हतं.

तेव्हापासून उंबरे उघडे पडले की त्या येतात. आपण दार लावून घ्यायचं, तिन्हीसांजेला समुद्राकडे दिवा दाखवायचा नाही, आणि काही झालं तरी ‘या’ म्हणायचं नाही. बाई दोनदा म्हणाल्या. त्या बायकांना ‘या’ असं कोणी म्हणालेलं नव्हतं, सर्जे. आजवर कोणीच नाही.

आजपासून झडप उघडणार नाही. नटांवर दुसरे नट चढवले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मधल्या वादळाने राहिलेले गोटेही नेले. सगळे उंबरे उघडे आहेत.

मी घाबरून उदयला म्हटलं, आम्हाला ब्रिस्टलला घेऊन चल. घेऊन गेला. मागच्या सीटवर आम्ही दोघंच होतो, दोन बाजूंना. उतरलो तेव्हा मधली सीट भिजलेली होती. उदय हिला म्हणाला, आई, पाण्याची बाटली नीट लावत जा ना. आणि त्या धुळीत हिला असा अटॅक आला की हॉस्पिटल गाठावं लागलं. डॉक्टरनी सांगितलं, या धुळीत ठेवू नका. पुन्हा इथेच.

आता हिला अंधार सोसत नाही. जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहते आणि म्हणते, अहो, उजेड दाखवा मला. उदय फोनवर चिडतो. बाबा, फोरकास्ट क्लिअर आहे, काढून टाका ते शटर्स! आईला सनलाइट नाही, ती डिप्रेशनमध्ये चाललीये, आणि तुम्ही त्या ओल्ड लेडीच्या स्टोऱ्या ऐकत बसलात.

त्याचं खोटं नाही. झडपा ठेवल्या तर ही अंधारात विझेल. काढल्या तर? काढायच्या कधी, एवढंच कोणीतरी मला सांगा. मी साधा माणूस आहे. घंटा झाली की दार उघडायचं, घंटा झाली की लावायचं, एवढंच मला येतं.

१२ मार्च, बुधवार

गोटे येऊ लागले! रोज ओहोटीला भिंतीवर जाऊन बघतो. रात्रीतून समुद्र ढीग आणून टाकतो. चुलीचे दगड झाकले गेले. उंबरे एकेक करून जातायत. डोंगरावर पिवळी डॅफोडिल्स आलीत. हिला सांगितलं, पाडव्याला गुढी समुद्राकडच्या दारात उभारू, नक्की. ही उठून बसली, थोडी पेज प्यायली.

देवा, पाडव्यापर्यंत सगळे झाकून दे.

२० मार्च, गुरुवार

सगळे झाकले गेले. एक सोडून.

हळदीचा. त्याच्या दोन्ही बाजूंना गोट्यांचे ढीग, आणि तो मधे धुवून ठेवल्यासारखा स्वच्छ. काल मी स्वतः खाली उतरलो, हातांनी गोटे ओढून त्याच्यावर घातले. कंबर मोडली. संध्याकाळी भरती आली. आज पाहिलं तर उंबरा उघडा.

डोरीनबाई लांबून बघत होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी मान हलवली.

२४ मार्च, सोमवार

हॉलच्या भिंतीवर ती दिसली.

सकाळचा उजेड चांगला होता. उलटा समुद्र, उलटे गोटे, आणि त्या उंबऱ्यावर उलटी उभी एक बाई. डोक्याला रुमाल. मी धावत मागच्या दाराने बाहेरच्या भिंतीवर गेलो. किनारा रिकामा. परत आलो. पडद्यावर ती होती. थोडी जवळ.

भोकात बोळा कोंबला.

ही म्हणाली, का हो बंद केलात, तेवढाच उजेड होता माझा. आणि रडली. मी बोळा काढला.

२७ मार्च, गुरुवार

उदय कामासाठी हँबर्गला गेला. मंजिरी म्हणते, रविवारी यायचा प्रयत्न करते, पण या अरुंद रस्त्यांवर गाडी चालवायला मला भीती वाटते हो बाबा. रविवारी इथे मदर्स डे आहे, म्हणून डोरीनबाईंची मुलगी त्यांना घेऊन गेली. जाताना बाईंनी काचेतून हाताने खूण केली. बंद. बंद ठेव.

ओळीत आता आम्ही दोघंच. म्हणजे दोघंच नाही.

हिला सगळं माहीत होतं. आज म्हणाली, ती रोज त्या खुर्चीवर बसते. मला भीती वाटत नाही, पण श्वास पुरत नाही. ती बसली की हवा कमी पडते. अहो, चूक माझी आहे. मी बोलावलं, पण तिला पोचवायला कोणी गेलंच नाही. पाहुणीला तिच्या उंबऱ्यापर्यंत पोचवावं लागतं, नाहीतर ती उठणार कशी?

मी ओरडलो. तू खाली जायचं नाहीस. शपथ घातली.

हिने शपथ सुटली म्हणावी म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं नाही.

२९ मार्च, शनिवार

अमावस्या. पाणी आज इतकं मागे गेलं की समुद्र दिसेना. संध्याकाळी तेच पाणी बाहेरच्या भिंतीला लागलं. झडपेवर हात आपटल्याचा आवाज. लाटा असतील. लाटा सगळीकडे लागतात. हा आवाज फक्त दारावर.

हिची छाती वाजते आहे. सगळं घर वाजतंय.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळ. घड्याळ पुढे केलं. ही पहाटेच उठून बसलेली. केस विंचरले, हळद भिजवली, बोटं पिवळी झाली. गुढी उभारायची म्हणाली. मी म्हटलं, उंबरा अजून उघडा आहे, मागच्या दारात उभारू. ही नुसती हसली.

दुपार. डोळा लागला. माझा डोळा लागला. जाग आली ती मागच्या दाराच्या आवाजाने. ही आत येत होती. पदर ओला, केस ओले. मी धावलो, दार लावलं, वरची कडी, खालची कडी. खाली गेली होतीस? मानेने हो. पोचवून आलीस? मानेने हो.

रागवायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं. छाती वाजत नाही. घरघर नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिचा श्वास ऐकू येत नाही! मी देवाला हात जोडले. म्हटलं सुटलो. उंबरा झाकला की उद्या झडपा काढतो.

हात धुतलेत हिने. अगदी पांढरे. माझ्या खुर्चीवर नाही, स्वतःच्या खुर्चीवर नाही. तिसऱ्या खुर्चीवर बसली.

थकली असेल.

तिन्हीसांज. बाहेरून हाक आली.

अहो.

मी हॉलमध्ये आहे. हाक झडपेबाहेरून. अहो, उघडा. पाणी आलं, वळसा घालून येता येत नाही. आणि घरघर. शेवटी बारीक शिट्टी.

समुद्र. समुद्राचा आवाज तसाच आहे. मी पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलंय, समुद्राचा आवाज हुबेहूब —

मागे वळलो. खुर्ची आता पॅसेजमध्ये आहे, मागच्या दारासमोर. ती त्यावर बसली आहे. म्हणाली, अहो, उघडू नका. तोच आवाज. माझ्या लीलाचा.

उदयचा फोन बंद. मंजिरी उचलत नाही. त्या नाइन नाइन नाइनला, पोलीस-ॲम्ब्युलन्सच्या नंबरला, केला. वाइफ, सी, वॉटर. येतो म्हणाले. रस्ता लांबचा. बाहेर पाणी पायऱ्यांवर आलंय, मला ऐकू येतंय. मागच्या दाराने जायचं तर तिच्यासमोरून —

विचार करून ओरडलो. लीला असशील तर नाव घे.

बाहेरून, दम खात, एकेक शब्द. पडद्यावर पडतो — उजेड — खुर्च्यांवर अंधार —

मागून, न अडखळता. सर्जेरावांच्या हाती सगळ्या थेटराचं दार.

लीलाने तिला शिकवला. संक्रांतीला. उंबऱ्यावर उभी राहून हिनेच शिकवला.

काय करू. मी काय करू. दार लावून ठेवलं तर त्या बायकांसारखी माझी — उघडलं तर —

दिवा गेला. भोकातून थोडा उजेड आहे, त्यात लिहितोय. उद्या कोणी म्हणू नये की म्हाताऱ्याने बायकोला बाहेर ठेवून कडी घातली.

उजेड गेला. भोकाशी कोणीतरी —

बोट. भोकातून बोट आत आलं. पिवळं. हळदीचं. मी धरलं. गरम आहे. थरथरतंय आणि गरम आहे. देवा, हिला मीच बाहेर कोंडलं. मीच दोन्ही कड्या —

आतलीचे हात पांढरे होते. दुपारीच पाहिलं होतं. पाहिलं होतं मी.

पाना सापडला. वरचे नट काढले. डबल चढवले होते, मूर्ख, मूर्ख. लीला, हाक मारत राहा. मारते आहे. आवाज खालून येतोय. पाणी तिच्या —

एकच राहिला. उदय, मी दार उघडलं. मी उघडलं होतं, एवढं लक्षात ठेव.

पॅसेजमधली खुर्ची रिकामी झाली. बघितलं नाही. मला अंधारात कळतं.

मानेवर पाणी ठिबकतंय. मागे बघणार नाही. लीला आलो, नट फिरतोय, फि